नोटीस पाठवायच्या आधी हे वाच

प्रिय बाळ्या,

तुझा कालचा मेसेज वाचला, दोनदा वाचला, आणि याला मेसेजवर उत्तर देण्यात अर्थ नाही म्हणून हे पत्र लिहितोय. शेठनी आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवात स्टेजवरून 51 लाख जाहीर केले, 11 लाखांचा चेक तिथेच दिला, आता उरलेल्या 40 लाखांना हात वर केलेत, इकडे सभागृहाचा स्लॅब घालून झाला आणि कंत्राटदार बिलासाठी रोज ऑफिसात येऊन बसतोय, आणि अध्यक्ष म्हणतायत वकिलाची नोटीस धाडा. नोटिशीखाली सही मात्र सेक्रेटरी म्हणून तुझी जाणार. म्हणून म्हणतो जरा थांब. मी वकील नाही पण वर्षानुवर्षं ट्रस्टांचेच हिशेब तपासतोय, कबूल केलेल्या देणग्यांवरून भांडणं खूप बघितली आणि त्यामुळे या विषयावरचे जुने निकाल पण शोधून शोधून वाचलेत.

पहिला मुद्दा, कमिटीला वाटतंय की हजार माणसांसमोर बोलला म्हणजे बांधला गेला. असं नाहीये रे. आपला करार कायदा 1872 चा, त्यात साधं म्हणणं असं आहे की मोबदला नसेल तर नुसत्या वचनावर कोर्ट सहसा वसुली करून देत नाही. मी तुला लाख रुपये देतो म्हणालो आणि नाही दिले, तर तू माझ्याशी बोलणं बंद करशील, दावा लावून काही मिळणार नाही. देणगी जाहीर करणं पण कायद्याच्या नजरेत बरंचसं तसंच. पण यात एक मोठी वाट आहे आणि ती 1886 सालच्या कलकत्ता हायकोर्टाच्या निकालातून निघते.

हावड्याला टाऊन हॉल बांधायचा होता. वर्गणी पुरेशी जमली तर बांधू असं ठरलं, यादी फिरली, गोरी महंमद नावाच्या गृहस्थांनी यादीत 100 रुपये टाकले. यादी बऱ्यापैकी भरल्यावर म्युनिसिपालिटीच्या कमिशनर लोकांनी कंत्राटदाराशी करार केला, नकाशे मंजूर झाले, आणि पुढे वर्गणी वाढत गेली तसे नकाशे पण वाढत गेले, 26,000 चं काम 40,000 वर गेलं. (आपल्या सभागृहाचं पण हेच झालं ना, आधी नुसता हॉल, मग बाल्कनी, मग एसीची पाइपलाइन.) त्या 40,000 ला कंत्राटदारापुढे जबाबदार कोण, तर हे कमिशनर. गोरी महंमद 100 रुपये देईनात. केदारनाथ भट्टाचार्य हे त्या कमिशनरांपैकी एक आणि टाऊन हॉल फंडाचे ट्रस्टी पण, त्यांनी दावा लावला आणि जिंकला. कोर्टाचं म्हणणं असं की पैसे कशासाठी मागतायत हे सही करणाऱ्याला माहीत होतं, या वर्गणीच्या भरवशावर कंत्राट दिलं जाणार हे पण माहीत होतं, आणि त्या भरवशावर यांनी खरोखरच स्वतःच्या डोक्यावर देणं घेतलं. मग तो नुसता शब्द राहिला नाही, करार झाला.

हे वाचून अध्यक्ष खूश होतील, पण अजून दोन निकाल आहेत ते पण त्यांना वाचून दाखव. 1914 चा अलाहाबादचा. मशिदीच्या दुरुस्तीला एकाने 500 रुपये कबूल केले, पण दुरुस्तीचं काम कुणी हातीच घेतलं नाही, म्हणजे शब्दावर विसंबून कुणी काही केलं नाही, म्हणून वसुली नाही. आणि 1930च्या दशकातला मद्रासचा, तो तर आपल्या प्रकरणात फार महत्त्वाचा. देवळाची दुरुस्ती आधीच चालू होती, पैसे कमी पडायला लागले म्हणून वर्गणीची यादी काढली, एकाने 125 रुपये टाकले आणि दिले नाहीत. तिथेही संस्थेच्या बाजूने निकाल लागला नाही, कारण काम त्याच्या शब्दावर सुरूच झालं नव्हतं, ते आधीपासून चालू होतं.

आता तू मला सांग, आपली वर्क ऑर्डर कधीची आहे? अमृतमहोत्सवाच्या आधीची का नंतरची? मला आठवतंय कार्यक्रमाच्या वेळी मागच्या मैदानात पायाचे खड्डे खणलेले होते, आपण खुर्च्या त्या बाजूला लावल्याच नव्हत्या कुणी पडेल म्हणून. म्हणजे काम आधी सुरू आणि देणगी नंतर जाहीर असं निघालं तर आपलं घोडं हावड्याला नाही, मद्रासला जाऊन अडतंय. बाल्कनीचा वाढीव खर्च मात्र शेठच्या आकड्यानंतर मंजूर केला असेल तर तेवढ्यापुरतं आपल्याला बोलता येईल, पण त्यासाठी मिनिट बुकात तसा ठराव पाहिजे की अमुक देणगी जाहीर झाल्यामुळे अमुक वाढीव काम मंजूर करत आहोत. असा ठराव आहे का? नसेल तर आता मागच्या तारखेने घालू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. हे मी मित्र म्हणून सांगतोय.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे नावाचा.

अमेरिकेत मेरी येट्स जॉन्स्टन नावाच्या बाईंनी 1921 मध्ये अ‍ॅलेगनी कॉलेजला 5,000 डॉलर लिहून दिले होते, मृत्यूनंतर 30 दिवसांनी द्यायचे म्हणून. कागदाच्या मागे त्यांनी लिहिलं होतं की या निधीला माझं नाव द्या आणि धर्मोपदेशक व्हायला शिकणाऱ्या मुलांसाठी तो वापरा. 1923 च्या डिसेंबरात त्यांनी हयातीतच 1,000 डॉलर दिले, कॉलेजने ते शिष्यवृत्तीसाठी बाजूला ठेवले. 1924 च्या जुलैत बाईंनी कळवलं की माझं वचन मी मागे घेतेय. त्या गेल्यावर कॉलेजने उरलेल्या 4,000 साठी दावा लावला, त्यांची इस्टेट बघणाऱ्या बँकेवर. 1927 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टात निकाल लागला, लिहिणारे न्यायाधीश कार्डोझो, फार मोठं नाव आहे त्यांचं. त्यांनी म्हटलं की बाईंच्या नावाचा निधी म्हणून कॉलेजने तो पहिला हप्ता घेतला त्याच वेळी ते नाव चालवायची जबाबदारी कॉलेजवर आली, आणि जिथे एका बाजूवर जबाबदारी येते तिथे दुसरी बाजू पण बांधली जाते. कॉलेज जिंकलं. सगळ्या न्यायाधीशांना ते पटलं नव्हतं, विरोधी मत पण आहे त्यात.

बाळ्या, हा निकाल वाचताना मला आपलं पावतीपुस्तक आठवलं. शेठना दिलेली 11 लाखांची पावती ऑडिटच्या वेळी माझ्या हातात होती. त्यावर निळ्या पेनने क्लार्कने लिहिलंय, सभागृह निधी, मातोश्रींच्या स्मरणार्थ, आणि शेजारी कंसात नाव देणे. खाली तुझी सही. म्हणजे नाव चालवायची जबाबदारी आपण पहिल्या हप्त्यालाच घेतली. आणि मग काय झालं? दुसरे एक दाते आले, त्यांनी जास्त दिले, आणि कमिटीने सभागृह त्यांच्या नावाने करून शेठच्या आईचं नाव तळमजल्यावरच्या साहित्य ठेवायच्या खोलीला द्यायचं ठरवलं, ते पण शेठना न विचारता, त्यांना ते निमंत्रणपत्रिकेवरूनच कळलं. ज्या बाईंनी घरोघरी पोळ्या लाटून या माणसाला आपल्याच शाळेत शिकवलं त्यांचं नाव खुर्च्यांच्या खोलीला. माझा संताप होतो हे लिहिताना. मी असतो तर मीही पैसे थांबवले असते.

आणि कोर्टात यावरून काय होऊ शकतं ते पण बघ. गार्थ ब्रुक्स म्हणून अमेरिकेतला फार मोठा गायक आहे, ओक्लाहोमातला. त्याची आई कॉलीन 1999 मध्ये कॅन्सरने गेली. 2005 मध्ये त्याने युकॉन या आपल्या गावच्या हॉस्पिटलला 5 लाख डॉलर दिले, बायकांसाठी आरोग्य केंद्र होईल आणि त्याला आईचं नाव लागेल या समजुतीने. केंद्र झालंच नाही. हॉस्पिटलचं म्हणणं की देणगी बिनशर्त होती, नावाचं पक्कं असं काही ठरलं नव्हतं. पैसे परत मिळेनात म्हणून 2009 मध्ये त्याने दावा लावला. 2012 च्या जानेवारीत ज्युरीने निकाल दिला, 5 लाख परत करा, आणि वर दंड म्हणून अजून 5 लाख द्या. म्हणजे जेवढे घेतले त्याच्या दुप्पट गेले. आपला कायदा वेगळा आहे हे मला कळतं, आपल्याकडे दिलेली देणगी सहजासहजी परत मागता येत नाही आणि असला दंड पण सहसा होत नाही. पण साध्या माणसांना दोन्ही बाजू ऐकवल्यावर त्यांना काय वाटलं हे त्या आकड्यात दिसतं. आपल्या गावातल्या कुणालाही चौकात उभं करून पावती आणि निमंत्रणपत्रिका शेजारी शेजारी दाखव, काय म्हणतील तुला माहीत आहे.

नोटीस धाडली की शेठचा वकील पहिलं काम हेच करणार, पावतीची झेरॉक्स लावून उलटा दावा, माझ्या अशिलाला शब्द दिला तो संस्थेने आधी मोडला. मग 40 लाख राहिले बाजूला, 11 लाखांचा हिशेब देत बसावं लागेल.

खर्चाचं पण सांगतो म्हणजे कमिटीतल्या त्या दोघांना, ज्यांना कोर्टाची फार हौस आहे, जरा कळेल. प्रिन्स्टन विद्यापीठाला रॉबर्टसन कुटुंबाने 1961 मध्ये साडेतीन कोटी डॉलर दिले होते, सरकारी सेवेत, त्यातही परराष्ट्र खात्यात जाणारी माणसं तयार करायला. देणगी देणाऱ्यांच्या मुलांचं म्हणणं झालं की विद्यापीठ ते पैसे भलतीकडे वापरतंय, 2002 मध्ये दावा लागला, आणि 2008 च्या डिसेंबरात खटला उभा राहायच्या आधीच तडजोड झाली. तडजोडीत विद्यापीठाने कुटुंबाच्या बाजूचा वकिलांचा वगैरे खर्च म्हणून 4 कोटी डॉलर द्यायचे कबूल केले, आणि सरकारी सेवेच्या शिक्षणासाठी नवीन फाउंडेशनला आणखी 5 कोटी. नुसता वकिलांचा खर्च मूळ देणगीपेक्षा जास्त! एवढ्या श्रीमंत विद्यापीठाला ते झेपलं. आपल्याकडे शिपायाचा पगार दोन महिने मागे पडतो, आपण दिवाणी कोर्टात दहा वर्षं कुठून काढणार आणि तेवढ्यात त्या सभागृहाच्या सळया गंजून जातील.

तर माझं म्हणणं असं. नोटिशीचा विषय या मीटिंगमधून काढून टाक. करार मोडल्यापासून दावा लावायला 3 वर्षं मुदत असते, शेठनी नाही म्हटलं त्याला अजून चार महिने पण झाले नाहीत, तेव्हा उशीर होईल ही भीती कुणी घालत असेल तर ती खोटी आहे. आधी नावाचा ठराव दुरुस्त करून घे. त्या दुसऱ्या दात्यांकडे मी येतो तुझ्याबरोबर, ते समंजस आहेत, त्यांना पावती दाखवली तर ते स्वतःच म्हणतील की नवीन ग्रंथालयाला माझं नाव द्या, आणि नाही म्हणाले तरी आपण खरं सांगायलाच पाहिजे की सभागृहाचं नाव आधीच कबूल केलेलं होतं. मग शेठकडे जायचं. अध्यक्षांनी स्वतः जायचं, वकिलाला घेऊन नाही, जोशी बाईंना घेऊन, त्यांनी शेठना पाचवीत शिकवलंय आणि त्यांच्या आईला पण त्या ओळखत होत्या. पहिलं वाक्य पैशाचं नको. चूक झाली, नाव सभागृहालाच लागेल, हा ठराव, एवढंच.

ते वळले तर मात्र त्याच आठवड्यात स्टॅम्प पेपरवर सगळं लिहून घ्यायचं, मनं चांगली आहेत तोवर. किती रक्कम, किती हप्त्यांत, कुठल्या कामाच्या कुठल्या टप्प्याला, नाव कशाला आणि किती वर्षं, फलक कुठे लागणार, इमारत पाडली किंवा वाढवली तर नावाचं काय, शेठना मध्येच काही झालं तर उरलेली रक्कम वारसांनी द्यायची का नाही. हे शेवटचं विचारायला लाज वाटते पण मेरीबाईंचं प्रकरण तिथेच गेलं होतं. आणि रक्कम कॉर्पसला, म्हणजे संस्थेच्या कायमच्या मूळ निधीला, जाणार असेल तर तसं त्यांचं लेखी पत्र घे, नाहीतर ऑडिटला मीच परत तुझ्या मागे लागेन.

उद्या शाळेत गेलास की तीन कागदांचे फोटो पाठव, वर्क ऑर्डर, बाल्कनीच्या ठरावाचं पान, आणि ती पावती, मागची बाजू पण. ते बघितल्याशिवाय सही करू नकोस. अध्यक्ष ओरडले तर माझं नाव सांग. रविवारी सकाळच्या एसटीने येतोय, वहिनींना सांग जेवायला आहे.

तुझा,
पक्या