मंत्रीसाहेब, २६ जानेवारीला बेसी कोलमनचा पण वाढदिवस असतो

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार साहेब. मी यवतमाळकडच्या एका खेड्यात सहावी-सातवीला शिकवते. मागच्या गॅदरिंगला पोरींचा डान्स होता, मेकअपचं काम माझ्याकडे होतं, आणि एका मुलीच्या तोंडाला मी पावडर लावत बसले. एकदा लावली, दिसेना म्हणून परत लावली, मग आणखी थोडी, आणि ती बिचारी गप्प उभी. स्टेजवर लाइट पडल्यावर चेहरा पांढराफटक, मान आणि हात तिच्या स्वतःच्या रंगाचे, घामाने गळ्यापाशी पावडरीच्या वळ्या. मागची पोरं हसली. डान्स संपल्यावर तिने हापशावर खसाखसा तोंड धुतलं आणि मला विचारलं, "मॅडम, गोऱ्या पोरीच स्टेजवर चांगल्या दिसतात ना?" मला उत्तर देता आलं नाही, कारण डबा माझ्याच हातात होता.

त्यानंतर मी वर्गात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वैमानिक बेसी कोलमनची गोष्ट सांगितली, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ चा, अमेरिकेत टेक्सास राज्यात. तेरा भावंडांतली दहावी. कृष्णवर्णीय मुलांची वेगळी, एका खोलीची शाळा, तिथे रोज साडेसहा किलोमीटर चालत जायचं, आणि कापूस फुटला की शाळा बाजूला, सगळं घर वेचणीला. मी इथपर्यंत आले आणि वर्गात एकदम चुळबुळ, "मॅडम, तिकडे पण वेचणी असते?" साहेब, आमच्या पोरी दिवाळीनंतर कमरेला ओटी बांधून रानात जातात, बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असतात, त्या बोटांनी सोमवारी वहीत लिहितात, त्यामुळे बेसी कोण ते त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे ती कॉलेजात गेली पण एका टर्ममध्ये पैसे संपले. १९१५ ला शिकागोला आली, सलूनमध्ये गिऱ्हाइकांची नखं साफ करायचं काम धरलं. महायुद्धावरून परत आलेला भाऊ तिला चिडवायचा की फ्रान्समधल्या बायका विमान चालवतात, तुला काय जमणार. तिने ते मनावर घेतलं, पण अमेरिकेतली एकही फ्लाइंग स्कूल तिला घेईना, एकतर बाई आणि वर काळी. शिकागोतल्या कृष्णवर्णीयांच्या पेपरचे मालक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी सांगितलं, फ्रान्सला जा. मग ती काम करता करता फ्रेंच शिकली, पैसे जमवले, नोव्हेंबर १९२० ला बोटीत बसली आणि १५ जून १९२१ ला पायलटचं लायसन्स घेतलं. असं लायसन्स मिळवणारी ती पहिली आफ्रिकन अमेरिकन बाई.

परत येऊन ती विमानाच्या कसरतींचे शो करायची. १९२३ ला विमान पडलं, पाय मोडला, तरी बरी होऊन परत उडायला लागली. ज्या गावात ती लहानाची मोठी झाली तिथल्या शोला गोऱ्यांना एक गेट आणि काळ्यांना दुसरं ठेवणार होते, तिने सांगितलं, गेट एकच पाहिजे नाहीतर मी उडणार नाही. गेट एकच झालं, आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. हेही मी पोरींना सांगितलं, सगळं एकदम मिळत नाही हे त्यांना कळतं. ३० एप्रिल १९२६ ला ती विमानातून पडून गेली, वय ३४. कृष्णवर्णीयांसाठी फ्लाइंग स्कूल काढायचं राहून गेलं. पण १९९२ च्या सप्टेंबरमध्ये मे जेमिसन अंतराळात जाणारी पहिली आफ्रिकन अमेरिकन बाई झाली, तेव्हा तिने यानात बेसीचा फोटो सोबत नेला होता. मला हे वाचताना भरून आलं.

अशा खूप आहेत. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेत गणितं करणाऱ्या कॅथरीन जॉन्सनच्या गावात काळ्या मुलांना आठवीच्या पुढे शाळाच नव्हती म्हणून वडिलांनी पोरांची शाळेसाठी दुसऱ्या गावात सोय केली, आणि १९६२ ला अंतराळवीर जॉन ग्लेन उड्डाणाच्या आधी म्हणाले की कॉम्प्युटरचे आकडे त्या मुलीकडून तपासून घ्या. आमच्याकडे सातवीनंतर शाळा लांब म्हणून मुलगी घरी बसते, त्या आईबापाला मी हीच गोष्ट सांगते.

कुणी म्हणेल आपल्या बायका काय कमी आहेत का. अजिबात नाहीत, सावित्रीबाई आमच्या भिंतीवर सगळ्यात आधी आहेत. पण जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केलं? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना ते नातं दिसलं होतं.

तर मागणी एवढीच आहे. २६ जानेवारीला झेंडावंदनाला अख्खी शाळा जमलेलीच असते, त्या दिवशीच्या दिनविशेषात बेसीचं नाव घ्या असं एक परिपत्रक काढा. बालभारतीच्या 'किशोर'च्या जानेवारी अंकात तिच्यावर दोन पानं द्या. आणि या बायकांचं एक मराठी पुस्तक प्रत्येक शाळेच्या लायब्ररीत पाठवा, मोठ्या रंगीत चित्रांचं.

छपाई चांगली करा साहेब, ही विनंती मुद्दाम करतेय. मी मोबाइलवरचा बेसीचा फोटो तालुक्याला जाऊन झेरॉक्सवाल्याकडून काढून आणला, तर टोपी आली, कोट आला, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. त्या मुलीने कागद उजेडाला धरून बघितला आणि विचारलं, "मॅडम, हिचे डोळे कुठेत?"

आपली,
एक शिक्षिका