सत्कार सरांचा, श्रेय भलत्याच मोहिमेचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल तुमच्या अंकात पणजीतल्या सत्काराची बातमी आलीय ती वाचून फार वाईट वाटलं, रागही आला, आणि हे पत्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. कृपया छापा.

तीन कॉलम बातमी आहे. त्यात मंत्रीमहोदय काय म्हणाले ते आहे, समई कोणी पेटवली, व्यासपीठावर कोण कोण होतं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले सगळं आहे. ज्यांचा सत्कार होता त्या आमच्या सरांबद्दल एकच वाक्य आहे आणि ते साफ चुकीचं. 'भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व करणारे ज्येष्ठ शास्त्रज्ञ' म्हणे.

अहो, त्या मोहिमेचे नेते डॉ. कासिम. सय्यद झहूर कासिम. आधी ते आमच्या दोनापावलच्या एनआयओचेच, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचेच, डायरेक्टर होते. ६ डिसेंबर १९८१ ला इथूनच, मुरगाव बंदरातून, 'पोलर सर्कल' जहाज निघालं आणि ९ जानेवारी १९८२ ला आपली माणसं अंटार्क्टिकावर उतरली. हे गोव्यातल्या पेपरला ठाऊक नसावं? आणि आमचे सर तर त्या मोहिमेत नव्हतेच, ना पहिल्या ना नंतरच्या कुठल्या. त्यांचं काम वेगळं, समुद्राच्या तळातले धातूचे गोटे शोधायचं, त्याबद्दल बातमीत एक अक्षर नाही.

काल सकाळी सरांचा फोन आला. वय नव्वद, एरवी आवाज खणखणीत, काल कापत होता. म्हणाले, "अरे, हे कासिमसाहेबांचं काम. लोकांना वाटणार मीच त्या वार्ताहर पोराला तसं सांगितलं. साहेब गेले, आता मी त्यांचं श्रेय घेतोय असं दिसतं ना हे. तू काहीतरी कर." सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाला असं तोंड लपवावंसं वाटावं ह्याचा मला जास्त राग आहे. तुमच्या ऑफिसात फोन लावला तर 'मेल करा' म्हणून ठेवून दिला. मेल केला, उत्तर नाही.

आम्ही ह्या कार्यक्रमाला कुठून कुठून आलो होतो. मी मूळचा फोंड्याचा पण निवृत्तीनंतर मुलीकडे पुण्याला असतो. कोणी कोचीहून आलं, कोणी विशाखापट्टणमहून, काणकोणचा आमचा एक मित्र गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असूनही मुलाच्या खांद्याला धरून जिना चढला. सगळे सत्तरीच्या पुढचे. नव्वदीच्या गुरूला 'पुढच्या वर्षी भेटू' असं म्हणता येत नाही हे प्रत्येकाला माहीत होतं म्हणून आलो. आदल्या रात्री सरांच्या घरी जमलो, सरांच्या बायकोनं ह्या वयात उभं राहून हुमण (माशाची आमटी) केलं होतं, आणि बारा वाजून गेले तरी कोणी उठायला तयार नव्हतं. विषय एकच, गवेषणी.

गवेषणी म्हणजे एनआयओचं पहिलं संशोधन जहाज, गाळ वाहायच्या बार्जचं कोलकात्याला गार्डन रीचमध्ये रूपांतर करून बनवलेलं, १९७६ पासून कामाला लागलेलं. २६ जानेवारी १९८१ ला ह्याच जहाजावर अरबी समुद्राच्या तळातून बहुधातू गोट्यांचा पहिला नमुना वर आला. बटाट्याएवढे काळे गोटे, त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. त्या पहिल्या नमुन्यानंतर जी सगळी वर्षं गेली, मध्य हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या खाली ठिकाण-ठिकाण करून नमुने काढायची, मोजायची, नकाशावर मांडायची, आधी गवेषणीवर आणि मग सागर कन्या ह्या दुसऱ्या जहाजावर, त्यात सरांचं आयुष्य गेलं. बायकामुलांना सोडून महिना महिना समुद्रात.

त्यातली एक संध्याकाळ मला सांगायचीच आहे. गोटे काढायला आम्ही जो ग्रॅब, म्हणजे तळातला नमुना पकडणारा जबडा, वापरायचो त्याला दोर नसतो. वजनं लावून तो पाण्यात सोडून द्यायचा, तळाला टेकला की जबडा मिटतो, वजनं खालीच सुटतात आणि काचेच्या पोकळ गोळ्यांमुळे तो आपोआप वर येतो. पाच किलोमीटर खाली आणि पाच किलोमीटर वर, म्हणजे दोन-तीन तास नुसती वाट बघायची. आणि वर आला की शोधायचा, दिवसा बावट्यावरून, रात्री लुकलुकत्या दिव्यावरून. त्या दिवशी एक ग्रॅब येईचना. दिवस मावळत आलेला, समुद्र खवळलेला, दिवा पेटला नसावा. कॅप्टन म्हणाले आता पुढच्या ठिकाणी निघू, इंधन जातंय. सर कठड्याला टेकून दुर्बीण लावून उभे, जेवायला पण गेले नाहीत, म्हणाले अर्धा तास द्या. आणि तेवढ्यात डेकवरचा चिखलीचा एक पोरगा ओरडला, "सर, थंय पळयात, बावटो!" लाटेमागं जेमतेम दिसत होता, आम्हा कुणाला दिसला नव्हता. ग्रॅब डेकवर घेतला, आम्ही सगळे चिखल बाजूला करून गोटे मोजायला बसलो. सर आधी लॉगबुकाकडे गेले आणि वेळ, ठिकाण, खोली लिहून पुढं त्या पोराचं नाव लिहिलं, ग्रॅब याने पाहिला म्हणून. मी विचारलं, सर हे कशाला? तर म्हणाले, "ज्यानं बघितलं त्याचं नाव लागायला नको?" विंचवर कोण होतं तेसुद्धा ते लिहायचे. पेपर छापताना ज्या ज्युनियरनं काम केलं त्याचं नाव पहिलं, स्वतःचं शेवटी.

अशा माणसाच्या नावावर तुम्ही दुसऱ्याचं काम टाकलंत.

ह्या नमुन्यांचं पुढं काय झालं तेही लिहितो कारण तुमच्या वार्ताहराला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात हे गोटे शोधायला दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं, पायोनियर इन्व्हेस्टर म्हणून, म्हणजे समुद्रतळाच्या शोधात आधीच पैसा आणि मेहनत घातलेला म्हणून, नोंद झालेला पहिला देश आपला. त्यासाठी सारख्या मोलाचे दोन भाग मांडून दाखवावे लागत, त्यातला एक आपल्याला. कुठे किती गोटे आहेत हे ठामपणे सांगता आलं नसतं तर अर्जच उभा राहिला नसता. आज तुम्ही समुद्रयानबद्दल रकाने भरून छापता, 'मत्स्य ६०००' पाणबुडीतून तीन माणसं ६००० मीटर खोल जाणार म्हणून, चांगलंच आहे. त्या खोलीवर काय पडलंय हे ज्यांनी आधी शोधून ठेवलं त्यांच्यातला एक माणूस परवा तुमच्या वार्ताहरासमोर बसला होता.

समोर तरी कुठे, मंत्री निघाले तसा वार्ताहरही उठला, मी बघितलं. सरांचं भाषण त्यानंतर झालं. त्या भाषणात सरांनी मागच्या रांगेत बसलेल्या एका माणसाला नावानं हाक मारून उभं केलं, तोच चिखलीचा पोरगा, आता केस पूर्ण पांढरे, आणि सगळ्या हॉलला सांगितलं की त्या दिवशी ह्याच्या डोळ्यांनी आमचा ग्रॅब वाचवला. तो रडला, आम्ही पण. बातमी ही होती. फोटोसुद्धा तुम्ही असा छापलाय की मंत्री अख्खे आणि सरांचा अर्धा चेहरा कडेला कापलेला.

   

मूळ मागणी एवढीच. दुरुस्ती छापा, आतल्या कोपऱ्यात नको, त्याच पानावर आणि दिसेल अशा टायपात. पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचं नेतृत्व डॉ. कासिम यांनी केलं हे स्पष्ट लिहा, आणि ही माहिती सरांनी दिलेली नव्हती हेही लिहा, त्यांना तेच जास्त लागलंय. मग सरांचं खरं काम चार ओळींत द्या. पूर्ण फोटो आणि सरांच्या भाषणाचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, मेलवर आजच पाठवतोय. मी रविवारपर्यंत गोव्यात आहे, वार्ताहराला सरांकडे पाठवणार असाल तर मी स्वतः बरोबर येतो.

आपला,
एक निवृत्त समुद्रशास्त्रज्ञ
(मूळ फोंडा, सध्या पुणे)