भात न विकणाऱ्या गावाची दखल घ्यावी

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रांत इंडोनेशियाचे नाव येते ते बहुधा बालीच्या सहलींमुळे, एखाद्या ज्वालामुखीमुळे किंवा पामतेलाच्या आयातीमुळे. त्या देशातील कोट्यवधी माणसे भात पिकवून जगतात आणि तेथील काही खेड्यांनी शेतीविषयी घेतलेले निर्णय आपल्या कोकण, मावळ आणि झाडीपट्टीतील वाचकांनी लक्षपूर्वक समजून घ्यावेत असे आहेत. त्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. म्हणून पश्चिम जावामधील चिप्तागेलार या गावाविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सुकाबुमी जिल्ह्यात हालिमुन पर्वताच्या उतारांवर सुंदानी भाषा बोलणारे जे पारंपरिक शेतकरी समाज राहतात, त्यांना ‘कासेपुहान’ म्हणतात. चिप्तागेलार हे अशाच एका समाजाचे मुख्य गाव. त्याचा वंशपरंपरागत प्रमुख ‘अबाह’ या आदरार्थी नावाने ओळखला जातो. पूर्वजांचा आदेश आला की मुख्य गाव नव्या जागी हलवायचे, अशी तेथील रीत असून, त्यानुसार 2000च्या सुमारास हे गाव चिप्तारासा येथून सध्याच्या ठिकाणी आले. घरे लाकूड आणि बांबूची, छपरे ताडवर्गीय झाडाच्या काळ्या तंतूंची, आणि घरांच्या आजूबाजूला खांबांवर उभी असलेली भाताची लहान लहान कोठारे. या कोठारांना ‘लेउइत’ म्हणतात.

या गावाचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा की पिकवलेला भात विकायचा नाही. भात म्हणजे ‘न्यी पोहाची’ ही देवी, आणि देवीला बाजारात न्यायचे नाही, ही त्यामागची श्रद्धा. रोख पैसा लागतोच. तो भाजीपाला, ताडवर्गीय झाडाच्या रसाचा गूळ, मजुरी आणि किरकोळ व्यापार यांतून मिळवला जातो. वर्षातून भाताचे एकच पीक घेतले जाते. लोंब्या लहान हातसुरीने खुडून त्यांच्या जुड्या बांधतात, बांबूच्या आडव्या दांड्यांवर वाळवतात आणि मग कोठारात रचतात. लोंबीसकट नीट वाळवलेला हा भात अनेक वर्षे टिकतो. प्रत्येक कुटुंबाच्या कोठाराशिवाय ‘सी जिमात’ नावाचे एक सामाईक कोठार असते. त्यात सर्वांनी आपला वाटा घालायचा, आणि एखाद्याचे पीक बुडाले तर त्याने त्यातून उसने घेऊन पुढच्या सुगीला परत करायचे. ‘सेरेन ताउन’ या वार्षिक सोहळ्यात नवा भात मिरवत आणून कोठारात ठेवला जातो. पर्यटक या सोहळ्याचे रंग पाहून परततात; माझ्या मते त्याचे खरे महत्त्व गावाच्या शिलकीचा हिशेब सर्वांसमक्ष होतो, यात आहे.

लागवडीची वेळ तारे पाहून ठरते. ‘केर्ती’ म्हणजे आपल्या कृत्तिका आणि ‘किदांग’ म्हणजे मृगातील तारे. केर्ती दिसू लागले की लोखंडी अवजारे हाती घ्यावीत आणि किदांग मावळला की ढेकण्या (लोंबीतील रस शोषणारी कीड) शेतात उतरतो, अशा अर्थाची म्हण तेथे आजही शेतीचे वेळापत्रक म्हणून पाळली जाते. आपल्याकडे मृग नक्षत्र लागते ते सूर्याच्या स्थितीवरून. तेथे प्रत्यक्ष आकाशातील ताऱ्याचे दिसणे आणि मावळणे मोजले जाते. संपूर्ण परिसराने एकाच सुमारास लागवड करायची आणि कापणीनंतर शेत रिकामे ठेवायचे, यामुळे लोंबीवरील ढेकण्या आणि इतर किडींना वर्षभर खाद्य मिळत नाही व त्यांची साखळी तुटते. कीटकशास्त्र शिकलेला कोणताही कृषी अधिकारी हेच सांगेल.

याच देशाने याच्या नेमका उलटा अनुभवही घेतला आहे. अध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीत बुटक्या, लवकर तयार होणाऱ्या सुधारित वाणांचा, वर्षाला दोन-तीन पिकांचा आणि अनुदानित कीटकनाशकांचा सरकारी आग्रह होता. उत्पादन वाढले, 1984 मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचे जाहीर झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सत्तरच्या दशकात आणि पुन्हा 1986 मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी जावातील भातखाचरे उद्ध्वस्त केली. फवारणीने तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रूच अधिक मेले होते. अखेर 1986 मध्ये अध्यक्षीय आदेशाने भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. या सगळ्या काळात कासेपुहान शेतकऱ्यांनी आपली उशिरा तयार होणारी, उंच वाढणारी देशी वाणे सोडली नाहीत. अशी शंभराहून अधिक वाणे त्यांच्याकडे आहेत. वालय आणि मुणगा यांसारख्या जातींचे बियाणे आमच्या भागात आज शोधत फिरावे लागते, तेव्हा त्या चिकाटीची किंमत कळते.

यावरून चिप्तागेलार हे काळाकडे पाठ फिरवलेले गाव आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ओढ्यांवरच्या लहान जलविद्युत संचांतून तेथे वीज येते. गावाने स्वतःचे रेडिओ केंद्र चालवले आणि 2008 पासून ‘चिगा टीव्ही’ नावाची स्वतःची दूरचित्रवाहिनीही सुरू केली. काय स्वीकारायचे आणि भातापासून काय दूर ठेवायचे, याचा निर्णय गाव स्वतः करते. त्यातील प्रत्येक निर्णय मला पटतो असे नाही. भात गिरणीत नेण्यास तेथे मनाई असल्यामुळे तो रोज मुसळाने कांडावा लागतो आणि हे कष्ट स्त्रियांच्याच वाट्याला येतात. आपल्या आज्यांच्या खांद्यांनी आणि कमरेने हे सोसले आहे. गिरण आली तेव्हा त्यांना मिळालेली सुटका ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हती. परंपरेचे कौतुक करताना हा भार कोणाच्या अंगावर आहे, हे सांगितलेच पाहिजे.

खरा प्रश्न मात्र जंगलाचा आहे. कासेपुहान समाज आपल्या जंगलाचे तीन भाग मानतो. पहिले, पूर्वजांनी सोपवलेले, ज्याला हात लावायचा नाही. दुसरे, राखून ठेवलेले, जे गरज आणि परवानगी असल्याशिवाय उघडायचे नाही. तिसरे, जेथे शेती करायची. खाचरांना आणि वीजसंचांना पाणी मिळते ते वरच्या दोन जंगलांमुळे. परंतु 2003 मध्ये हालिमुन राष्ट्रीय उद्यानाची हद्द वाढवून हालिमुन-सालाक उद्यान करण्यात आले आणि या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची जमीन सरकारी नकाशावर संरक्षित वन ठरली. ज्यांनी जंगल राखले, त्यांच्याच शेतीवर अतिक्रमणाचा शिक्का बसण्याची भीती निर्माण झाली. इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने 2013 मध्ये पारंपरिक समाजांचे वन हे सरकारी वन नव्हे, असा निकाल दिला. 2016 च्या अखेरीस पहिल्या काही समाजांना अशा वनांची मान्यता मिळाली, त्यांत बांतेन प्रांतातील कासेपुहान कारांग हे गावही होते. निकाल ते प्रत्यक्ष कागद ही वाट किती लांबते, हे 2006 चा वनहक्क कायदा आणि मेंढा-लेखाचा लढा माहीत असलेल्या गडचिरोलीकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या कृषी पुरवणीत परदेशातील यंत्रे, हरितगृहे आणि निर्यातक्षम फळबागा यांना पुष्कळ जागा मिळते, आणि ती मिळायलाही हवी. त्याच पानांवर आशियातील अशा भातगावांची माहिती, त्यांच्या बियाणे राखण्याच्या आणि सामाईक कोठाराच्या पद्धती, तसेच त्यांच्या वनहक्कांची सद्यःस्थिती नियमितपणे यावी, ही विनंती. अकोले तालुक्यापासून सिंधुदुर्गापर्यंत देशी वाणे जपण्यासाठी झटणारे शेतकरी आणि बचत गट आपल्याकडे आहेत. कर्ज, बाजारभाव आणि घटते पाऊसमान यांच्या कचाट्यात सामाईक कोठार चालवता येईल का, या प्रश्नावर त्यांचे म्हणणेही सोबत छापले, तर भातशेतीत राहिलेल्या वाचकांना त्याचा थेट उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, दापोली