हलका चाप म्हणजे ट्यूनिंग नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांवर आलेला लेख वाचला. सुट्टीच्या दिवशी मॉलऐवजी रेंज गाठणाऱ्या आमच्यासारख्यांची कुणी दखल घेतली, याचा आनंदच आहे. पण 'रिव्हॉल्व्हर घ्यायचं, चाप जमेल तितका हलका करून घ्यायचा, की स्पर्धेला तयार' हे वाक्य वाचल्यावर गप्प बसवेना. मी धंद्याने टूलमेकर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसला, पुढची नोकरी ओहायोत डेटनजवळच्या टूलरूममध्ये झाली, आणि गेली बरीच वर्षं सामन्यांत मी फक्त रिव्हॉल्व्हरच चालवतो. त्या वाक्याच्या भरवशावर कुणी पैसे घालवू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी छायाचित्राबद्दल. तुम्ही छापलेलं रिव्हॉल्व्हर सिंगल अॅक्शन आहे, दर गोळीला अंगठ्याने हॅमर, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा मागचा घोडा, ओढावा लागतो. त्याचे काऊबॉय सामने वेगळे. तिथे सिलिंडरच्या सहा घरांत पाचच काडतुसं भरतात आणि हॅमरखाली रिकामं घर ठेवतात. मी बोलतोय ते यूएसपीएसए आणि आयकोर या संघटनांच्या सामन्यांबद्दल. तिथे डबल अॅक्शन चालतं. एकाच ओढीत चाप सिलिंडर फिरवतो, हॅमर मागे नेतो आणि सोडतो.

यूएसपीएसएत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. निवडीचं सगळं गणित या भागाकारात आहे. मधल्या पट्ट्यात गोळी लागली की ५ गुण, मग काडतूस कुठलंही असो. बाहेरच्या पट्ट्यांत मात्र जोरदार काडतुसाला, म्हणजे 'मेजर'ला, ४ आणि २, तर सौम्य 'मायनर'ला ३ आणि १. जोर मोजायची रीत सोपी आहे: गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले १०००. मेजरला १६५ लागतात, मायनरला १२५. रिव्हॉल्व्हर गटाचा नियम असा की मेजर घेतलंत तर सहाच गोळ्या, मायनर घेतलंत तर आठ.

सहा जोरदार की आठ सौम्य? माझ्या मते प्रश्न निकाली निघालेला आहे. एका जागेवरून आठपेक्षा जास्त गोळ्या झाडायला लावायच्या नाहीत, असं बंधन तिथल्या सामना आखणाऱ्यांवर असतं. आठ घरांचं रिव्हॉल्व्हर असेल तर एका जागेचं काम उरकून दुसऱ्या जागेकडे पळता पळता भरता येतं. सहावाल्याला मध्येच उभ्या उभ्या भरावं लागतं, आणि माझ्यासारख्याचे त्यात अडीच-तीन सेकंद सहज जातात. हिट फॅक्टर ४ धरला तर दर सेकंदाला ४ गुण, म्हणजे एका भरण्यात दहा-बारा गुण गेले. तेवढे गुण मायनरमुळे गमवायचे तर दहा-बारा गोळ्या बाहेरच्या पट्ट्यात माराव्या लागतील, आणि इतका नेम चुकत असेल तर दोष रिव्हॉल्व्हरचा नाही.

तरीही सहा घरांच्या ६२५ वर माझा जीव आहे. स्मिथ अँड वेसनचं हे .४५ एसीपीचं मॉडेल म्हणजे १९१७ सालच्या लष्करी रिव्हॉल्व्हरचा नातू. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला पुरेशी पिस्तुलं मिळेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ या दोघांनी पिस्तुलाचीच काडतुसं चालतील अशी रिव्हॉल्व्हरं बनवली. त्या काडतुसाला बुडाशी कड नाही, त्यामुळे तीन-तीन काडतुसं पोलादी पत्र्याच्या अर्धचंद्रात अडकवायची युक्ती निघाली. पुढे त्याचा पूर्ण चंद्र झाला आणि सहाही काडतुसं एका झटक्यात आत जाऊ लागली. या पत्र्यालाच आम्ही क्लिप म्हणतो. .४५ चं काडतूस आखूड, जाड आणि गोल नाकाचं. नुसतं तोंडाशी नेलं तरी घरात उतरतं. अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी १९९९ साली सहा गोळ्या, मग भरणं, मग पुन्हा सहा गोळ्या हे सगळं २.९९ सेकंदांत केलं ते ६२५ वरच.

आठ घरांत स्मिथचीच ६२७ आणि ९२९ ही नेहमीची नावं. ६२७ आहे .३५७ मॅग्नमचं, पण सामन्यात बरेच जण त्यात .३८ शॉर्ट कोल्टची पुंगळी वापरतात. ती जेमतेम पाऊण इंचाची. लांब पुंगळ्या एजेक्टरच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या, पूर्ण दाबानेही कधी कधी घरात लटकून राहतात, आखूड पुंगळ्या सरळ जमिनीवर पडतात. ९२९ हे ९ एमएमचं आहे, सिलिंडर टायटॅनियमचं. सिलिंडर हलकं असलं की फिरायला आणि थांबायला कमी जोर लागतो. रुगरचंही आठ घरांचं रिव्हॉल्व्हर निघालंय आणि ते दणकट आहे. पण सुटे भाग आणि जाणकार हात स्मिथसाठी जास्त मिळतात, आणि आमच्या धंद्यात स्पेअर मिळणं हा अर्धा निर्णय असतो. नव्याने येणाऱ्याने मात्र यातलं काहीच लगेच घेऊ नये. स्मिथचं जुनं, सहा घरांचं ६८६ घ्यावं आणि स्टील चॅलेंज नावाच्या सामन्यांना जावं. तिथे पाच पोलादी ताटल्या असतात, भरण्याची घाई नसते आणि मेजर-मायनरची भानगड नसते.

आता चापाबद्दल. कारखान्यातून आलेल्या रिव्हॉल्व्हरचा डबल अॅक्शन चाप ओढायला साधारण साडेपाच किलोचा जोर लागतो. चांगल्या हाताने काम केलं तर तो साडेतीन-चार किलोवर येतो. काही जण पावणेतीनपर्यंत खाली नेतात. लेखकाला हे शेवटचे लोक भेटले असावेत. हा जोर जातो कुठे? बराचसा हॅमरची चपटी स्प्रिंग वाकवण्यात. तीच स्प्रिंग पुढे हॅमर आदळवून प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठोक्याने पेटणारी टिकली, पेटवते. चाप हलका केला म्हणजे हॅमरचा ठोकाही हलका केला. प्रायमर सगळे सारखे नसतात. फेडरलचे मऊ, सीसीआयचे कडक. पावणेतीन किलोचं रिव्हॉल्व्हर मऊ प्रायमरवर नाचतं आणि कडक प्रायमरवर नुसतं 'टिक' म्हणून गप्प बसतं. दुकानात मऊ प्रायमर मिळेनासे झाले की अशा रिव्हॉल्व्हरचा मालक सामना सोडून प्रायमर शोधत हिंडतो. आमच्या क्लबातल्या एकाने नामांकित कारागिराकडून असा चाप करून आणला होता. पहिल्याच फेरीत आठांपैकी तीन गोळ्या उडाल्या नाहीत. चाप किती छान आहे, हे तो नंतरही सगळ्यांना सांगत होता.

त्यावर लोक जो उपाय करतात तो आणखी वाईट. मुठीच्या पुढच्या बाजूला त्या स्प्रिंगला ताण देणारा एक स्क्रू असतो. तो दोन आटे सैल केला की चाप हलका वाटतो. मग झाडताना बसणाऱ्या धक्क्यांनी तो आणखी सैल होतो आणि ऐन फेरीत दगा देतो. स्क्रू घट्टच हवा. ताण कमी करायचा असेल तर स्प्रिंग बदलावी.

दुसरी स्प्रिंग चाप परत पुढे आणणारी. तीही हलकी करतात, कारण तराजूवर आकडा आणखी उतरतो. पण वेगात झाडताना बोट पुढे येतं आणि चाप मागेच रेंगाळतो. अर्ध्यातून पुन्हा ओढला की सिलिंडर नीट फिरत नाही. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही स्प्रिंग बऱ्यापैकी कडक ठेवली आहे. तराजूवर चाप चार किलोच्या जवळ जातो. जाऊ दे.

खरं ट्यूनिंग गुळगुळीतपणाचं. घासणाऱ्या पृष्ठभागांवर बारीक ऑइलस्टोन (धार लावायचा दगड) फक्त बर्र, म्हणजे कडेची बारीक खरखर, जाईपर्यंत फिरवायचा, कोन बदलायचा नाही, कडा गोल करायच्या नाहीत. जुन्या स्मिथच्या हॅमर-चापावर कडक पोलादाची फक्त पातळ साल असते. ती खरवडली की आतलं मऊ पोलाद झिजायला लागतं, आणि मग पॉलिश कितीही करा, उपयोग नाही. हातात फिरतं ग्राइंडर घेऊन बसणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हरजवळ फिरकू देत नाही. चापाचा पुढचा भाग रुंद आणि रेघांचा असेल तर गुळगुळीत करून घ्यावा, कारण लांब ओढीत बोट त्यावरून सरकतं. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी, पाहावी. चार ते सहा थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे एक-दीड दशांश मिलिमीटर, ठीक. हॅमर पडण्याआधी सिलिंडर प्रत्येक घरावर पूर्ण अडकतं का, हे चाप अगदी सावकाश ओढून आठही घरांवर तपासावं. घरांच्या तोंडाची धार हलकीशी मोडली की काडतुसं अडखळत नाहीत.

एका गोष्टीत तडजोड नाही. आत हॅमर-ब्लॉक नावाची छोटी पट्टी असते. चाप ओढलेला नसेल तर ती हॅमरला पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तरी गोळी सुटत नाही. चाप मऊ होतो म्हणून ती काढून टाकणारे आहेत. अशा माणसाच्या शेजारी मी उभा राहत नाही.

आणि निम्मं ट्यूनिंग तर काडतुसातच असतं. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित खाली बसला पाहिजे. वर राहिला तर पहिल्या ठोक्यात तो फक्त खाली बसतो, पेटत नाही, शिवाय घासून सिलिंडर अडवतो. चंद्राचा पत्रा जरासा वाकला तरी चाप दगडासारखा लागतो. सामन्याच्या आदल्या रात्री मी प्रत्येक भरलेली क्लिप सपाट जागेवर ठेवून बघतो आणि डुगडुगली तर फेकून देतो. पुंगळ्याही एकाच बनावटीच्या वापरतो, कारण बुडाजवळच्या खाचेची जाडी प्रत्येकाची वेगळी असते आणि क्लिप एकीला घट्ट, दुसरीला ढिली बसते.

कोल्हापूरच्या वाचकांना हे 'चाप हलका, नेम चांगला' गणित पटलं असेल तर नवल नाही. कोल्हापूरच्याच नेमबाज राही सरनोबत यांच्या २५ मीटर पिस्तुलाचा चाप किमान १ किलोचा असावा लागतो, आणि तिथे तो तेवढाच ठेवण्यात फायदा असतो. पण त्या चापाला गोळी सोडण्यापलीकडे दुसरं काम नाही. आमचा चाप सिलिंडरही फिरवतो आणि हॅमरही चढवतो. अमेरिकन नेमबाज एड मॅकगिव्हर्न यांनी १९३२ साली पाच गोळ्या ०.४५ सेकंदांत झाडल्या, त्याही डबल अॅक्शनमध्ये. लांब ओढ एकसारखी, न थांबता ओढायची सवय लागली की वजन फारसं जाणवत नाही. ती सवय रोज थोडा वेळ डमी काडतुसं घालून, भिंतीकडे तोंड करून, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून लावावी लागते.

शेवटी एक सूचना, लेखात ती हवी होती. वर लिहिलेलं सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात ९ एमएम, .३८, .४५ ही काडतुसं सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाहीत, बहुतेकांची मजल .३२ पर्यंत. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरबदल करायलाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा उद्यमनगरातल्या कुणा पोराने हे वाचून ऑइलस्टोन हातात घेऊ नये. लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं आपण छापलंच आहे. त्यात ही सूचना चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डेटन (ओहायो), मूळ गाव कोल्हापूर