मुलांच्या घरात पिल्लू आणावे की मोठा कुत्रा?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

निकाल लागून सुट्टी सुरू झाली की आपल्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यात ‘लॅब्राडोर पिल्ले, ३५ दिवस, लहान मुलांसाठी उत्तम’ अशा ओळी दिसू लागतात, आणि दिवाळीच्या सुमारास सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘आठ महिन्यांचा लॅब, अपरिहार्य कारणामुळे चांगल्या घरी देणे आहे’ असे निरोप फिरू लागतात. या दोन मजकुरांच्या मधल्या काळात घरात काय घडते, हे मी चार वर्षांपूर्वी आमच्याच घरात पाहिले असल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे तेव्हा नात नऊ वर्षांची आणि नातू पाच वर्षांचा होता. पिल्लू दीड महिन्याचे आहे असे विकणाऱ्याने सांगितले होते. पशुवैद्यांनी त्याचे दात पाहून ते जेमतेम महिन्याचे असल्याचे सांगितले. वास्तविक केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. आम्ही ना नोंदणी विचारली, ना पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह धरला. ‘आई गावाकडे आहे’ एवढ्यावर समाधान मानले, हा दोष आमचाच. आठ आठवड्यांची अट केवळ कागदी नाही, कारण आई आणि भावंडे यांच्यात राहूनच पिल्लू किती जोरात चावले की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो, हे शिकते. जे शिक्षण त्याला तिथे मिळाले नाही ते आमच्या नातवाच्या पोटऱ्यांवर सुरू झाले. तो ओरडत पळे, पिल्लाला वाटे खेळ रंगला, ते आणखी जोरात मागे लागे. सातव्या महिन्यात पंचवीस किलोच्या त्या प्रेमळ जनावराने दारात स्वागताची उडी मारली आणि नातवाचा ओठ उंबऱ्यावर फुटला. अखेर आम्ही त्याला नात्यातल्या एका शेतावर दिले. तो तिथे सुखात आहे. आमची नात मात्र दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

लॅब्राडोर वाईट असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याच्या कित्येक पिढ्या शिकाऱ्याने टिपलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी घडवल्या गेल्या, त्यामुळे दिसेल ते तोंडात धरणे आणि दिवसभर न दमणे हे त्याच्या रक्तातच आहे. बीगल सशाच्या मागावर टोळीने धावणारा, म्हणून फ्लॅटमध्ये एकटा पडला की गळा काढणारा. पग आकाराने सोयीचा खरा, पण त्याच्या चपट्या नाकामुळे धापा टाकून अंग थंड करणे त्याला नीट जमत नाही, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात त्याचे जे हाल होतात ते पाहवत नाहीत. बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीविषयी तर बोलायलाच नको. आपल्या मराठवाड्यातला कारवानी कुत्रा देखणा आणि काटक असतो. परंतु तो मोकळ्या रानात धावणारा, त्यामुळे दोन खोल्यांच्या घरात त्याची आणि घरच्यांची दोघांचीही कुचंबणा होते. जात पाहून अंदाज बांधता येतो तो एवढाच. त्या जातीतला हा एक विशिष्ट कुत्रा मुलांशी कसा वागेल, हे जातीच्या नावावरून कळत नाही आणि ३५ दिवसांच्या पिल्लाकडे पाहून तर कोणालाच सांगता येत नाही. केंद्राने १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकाने हिंस्र ठरवलेल्या तेवीस जातींवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना केली आणि महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले, तेव्हाही सगळी चर्चा जातींच्या यादीभोवतीच फिरली.

म्हणून माझे मत असे, की ज्या घरात दहा वर्षांच्या आतली मुले आहेत आणि दिवसा घरात एखादेच मोठे माणूस असते, त्या घराने पिल्लाचा हट्ट सोडून दोन-तीन वर्षांचा, स्वभाव स्थिरावलेला, लसीकरण आणि नसबंदी झालेला कुत्रा दत्तक घ्यावा. तो देशी असला तर अधिकच चांगले, कारण आपली हवा त्याला मानवते. ‘मोठा कुत्रा लळा लावत नाही’ हा समज मीही बाळगून होते. आमची सध्याची कुत्री तीन वर्षांची असताना निवारा केंद्रातून आली. तिला आणण्यापूर्वी आम्ही मुलांसह चार वेळा तिथे गेलो. दुसऱ्या भेटीत नातवाच्या हातून स्टीलचे ताट फरशीवर पडले. ती दचकून मागे सरली, क्षणभर थांबली आणि मग मान पुढे काढून ताट हुंगायला आली. तिथल्या कार्यकर्तीने सांगितले की दचकण्यात काही वावगे नाही, त्यातून ती किती लवकर सावरते ते पाहा. शेजारच्या पिंजऱ्यातला, दिसायला कितीतरी देखणा कुत्रा तोवर कोपऱ्यात थरथरत होता. त्यालाही घर मिळायला हवे, पण लहान मुले नसलेले.

निवड कितीही चांगली झाली तरी मुलांना शिकवण्याचे काम उरतेच. आमचा नातू तिच्या गळ्यात हात टाकी तेव्हा ती जांभई देई, ओठ चाटे आणि तोंड दुसरीकडे वळवी. आम्हाला वाटे, तिला झोप आली. ती ‘आता पुरे’ असे सांगत होती, हे पशुवैद्यांनी उलगडून सांगेपर्यंत आमच्या लक्षात आले नाही. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मार देणारी घरे मी पाहिली आहेत. त्यातून कुत्रा गुरगुरायचे सोडतो आणि पुढच्या वेळी पूर्वसूचना न देता चावतो. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, त्यामुळे मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड ठेवू नये, तसेच कुत्रा खात किंवा झोपलेला असताना मुलाला त्याच्या अंगाला हात लावू देऊ नये. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे तिची पुनरावृत्ती ही तर किमान बाब झाली. घरच्या कुत्र्याचा दात वा नख लागून रक्त आले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘आपलाच तर आहे’ म्हणून हळद लावून बसू नये.

शिवाय कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. आज तिसरीत असलेली मुलगी तो म्हातारा होईल तेव्हा वसतिगृहात असेल, आणि सकाळी सहाला पट्टा हातात घेऊन त्याला खाली नेणारे माणूस बहुधा माझ्यासारखे, गुडघे दुखणारे असेल. त्या माणसाला विचारल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

आपल्याला एक विनंती आहे. पिल्लांच्या विक्रीची जाहिरात स्वीकारताना विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची जन्मतारीख मागावी व दोन्ही जाहिरातीत छापावीत. जो देणार नाही, त्याची जाहिरात नाकारल्याने आपला एखादा चौकोन रिकामा राहील. तो दत्तक देण्याच्या कुत्र्यांसाठी विनामूल्य द्यावा, असे सुचवावेसे वाटते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे