खुले पत्र: आमच्या देवळात आठवड्यातून एक दिवस गाण्याचे सर पाठवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. वावरातून आल्यावर संध्याकाळी देवळात सात-आठ पोरींना भजनं शिकवते. त्यातल्या एकीने मोबाइलवर शास्त्रीय गायिका प्रभाताई अत्रे यांचा मारुबिहाग राग ऐकला आणि ‘जागूं मैं सारी रैना’ म्हणू लागली. ही चीज, म्हणजे रागातली बंदिश, प्रभाताईंनी स्वतः बांधली, हे तिला खरंच वाटेना. बाया गातात हे तिला ठाऊक होतं, बाया बंदिश बांधतात हे नवीन होतं.

गळा गोड आहे, पण एका जागी अडते. मारुबिहागात मध्यम, म्हणजे ‘म’ हा स्वर, दोन प्रकारचा. तीव्र ठळक, शुद्ध मात्र ‘सा म ग’ असा हळूच येऊन जातो. ती दोन्ही एक करून टाकते. मला चूक कळते, दुरुस्त करता येत नाही; माझं सारं शिक्षण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवरचं. मोबाइल शंभरदा ऐकवला, पण तो मध्येच थांबवून ‘पुन्हा म्हण’ म्हणत नाही.

साहेब, प्रभाताईंचं गाणं आईच्या आजारपणात सुरू झालं. बरं वाटावं म्हणून आईला गाण्याची शिकवणी लावली होती. आईने चार दिवसांत सोडली. शेजारी बसलेली आठ वर्षांची प्रभा शिकत राहिली. पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकरांची तालीम, सरगमवर डॉक्टरेट, एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाचं प्रमुखपद, अपूर्व कल्याणसारखे स्वतःचे राग, शेकडो बंदिशी, २०२२ मध्ये पद्मविभूषण. १३ जानेवारी २०२४ ला त्या गेल्या. एवढं सारं सुरू झालं ते आईसाठी लावलेल्या त्या शिकवणीपासून. मला राहून राहून तेच आठवतं.

थोर गायक वसंतराव देशपांडे १९२० साली आमच्याच मूर्तिजापुरात जन्मले. गाणं शिकले ते नागपुरात. आज शंभर वर्षांनीही आमच्या पोरींना जवळ गुरू नाही. हातमजुरीवर जगणाऱ्या घरातून शहरातली शिकवणी कशी परवडणार?

म्हणून तालुक्याला एक फिरता संगीत शिक्षक नेमा. आठवड्यातून एक दिवस, दोन तास पुरेत. जागा देवळाची आहे. पेटीचा भाता गळतो, तो आम्ही वर्गणी करून नीट करू. कपाशीची वेचणी लागली की पोरी वावरात जातात, त्याआधी सर आले तर बरं होईल. गुरुवारी मंडळाचं भजन असतं. बाकी कोणताही दिवस चालेल.

आपली,
भजन शिकवणारी एक शेतकरी बाई
ता. मूर्तिजापूर, जि. अकोला