रेल्वे अभियंत्यांचे स्नेहमेळावे कोल्हापुरातही भरावेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेल्वे अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्था वर्षातून काही वेळा स्नेहमेळावे, कौटुंबिक सहली, प्रकल्पभेटी आणि वार्षिक स्नेहभोजने आयोजित करतात. बाहेरचे लोक या कार्यक्रमांना जेवणावळी म्हणून नावे ठेवतात आणि खुद्द संस्थांतील काही पदाधिकारीही त्यांच्याकडे परिसंवादाला लावलेली शोभेची झालर म्हणूनच पाहतात. त्यामुळे खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती आधी इथे लागते. लोहमार्गाच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झालेला आणि कोल्हापुरात स्थायिक झालेला एक वाचक म्हणून माझे मत वेगळे आहे. आमच्या कामातले बरेचसे शहाणपण याच बैठकांतून पुढच्या पिढीच्या हाती पडते आणि म्हणून त्या बंद न करता नीट, मोकळेपणाने आणि पुण्या-मुंबईच्या बाहेरही भरवल्या गेल्या पाहिजेत.

हा प्रघात जुना आहे. जॉर्ज स्टीफन्सन ज्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले, ती यांत्रिक अभियंत्यांची संस्था इंग्लंडमध्ये १८४७ साली स्थापन झाली. लोहमार्ग सांभाळणाऱ्यांची परमनंट वे इन्स्टिट्यूशन १८८४ सालची आणि सिग्नल अभियंत्यांची इन्स्टिट्यूशन ऑफ रेल्वे सिग्नल इंजिनिअर्स १९१२ सालची. तिकडे त्या काळी रेल्वे अनेक खासगी कंपन्यांच्या हाती होती. एरवी एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांत काम करणारे अभियंते समोरासमोर बसत, ते निबंधवाचनाला, स्थळभेटीला आणि त्यानंतरच्या जेवणाला. आपल्याकडेही रेल्वेमार्ग अभियंत्यांची देशव्यापी संस्था आहे आणि सिग्नल अभियंत्यांच्या त्या जुन्या संस्थेची भारतीय शाखाही आहे. शिवाय रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांचे प्रशिक्षण पुण्याच्या ‘इरिसेन’मध्ये आणि विद्युत अभियंत्यांचे नाशिकमध्ये होत असल्याने देशभरातले रेल्वे अभियंते महाराष्ट्रात येत-जात असतात. असे असूनही मिरजेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या वाट्याला बहुधा छापील निमंत्रणच येते.

अनौपचारिक बैठकीत नेमके काय घडते, ते एका प्रसंगावरून सांगतो. एका वार्षिक स्नेहभोजनात एका तरुण कनिष्ठ अभियंत्याने तक्रारीच्या सुरात विचारले, की उन्हाळ्यात दुपारी खडी उपसायचे काम वरिष्ठ थांबवतात, मग ठरलेले काम वेळेत पुरे व्हायचे कसे? शेजारी बसलेल्या एका निवृत्त पीडब्ल्यूआयने (लोहमार्ग निरीक्षकाने) उत्तर न देता टेबलावर अंथरलेल्या कागदाची लांब पट्टी फाडली, दुमडून ती कडेवर उभी केली आणि दोन्ही बाजूंनी वाटीतल्या शेंगदाण्यांची रास लावली. पट्टीची टोके दोन्हीकडून आत रेटली, तरी पट्टी जागची हलली नाही. मग एका बाजूचे मूठभर शेंगदाणे काढून घेऊन त्याने पुन्हा तेवढाच जोर लावला आणि पट्टी नेमकी त्या रिकाम्या जागी बाहेर फुगली. सलग वेल्ड केलेल्या रुळांत सांध्याची फट नसते. उन्हात रूळ हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, पण मधल्या भागाला लांबायला वाव नसल्याने तो दाब रुळातच साठून राहतो आणि बाजूची खडी त्याला धरून ठेवते. ऐन उन्हात ती खडी मोकळी केली, तर रूळ बाजूला वाकतो आणि त्यावर येणारी गाडी घसरू शकते. कोणत्या तापमानात कोणते काम करायचे, हे नियमावलीत लिहिलेले आहे आणि त्या तरुणाने ते परीक्षेपुरते वाचलेही होते. त्यामागचे कारण मात्र त्याला त्या टेबलावर दिसले.

असे प्रसंग व्यासपीठावर घडत नाहीत. तिथे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांतच पहिला दीड तास निघून जातो. सत्कार जरूर व्हावेत, ज्येष्ठांचा मान राखला जावा. पण पांढरा रस्सा गार होईपर्यंत सत्कारमूर्तींची यादी संपत नसेल, तर जमलेली माणसे एकमेकांशी बोलणार केव्हा? माझी सूचना अशी, की सत्कार अर्ध्या तासात आटोपावेत, भाषणे दोनच असावीत आणि बसण्याची व्यवस्था हुद्द्याप्रमाणे न करता कामाप्रमाणे करावी. पुलांची माणसे एका टेबलावर, रुळांची दुसऱ्यावर, सिग्नलची तिसऱ्यावर आणि प्रत्येक टेबलावर एक निवृत्त व एक नवखा असला की पुढचे संयोजकांना काही करावे लागत नाही.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. या मेळाव्यांना अभियंते येतात, पण ज्यांच्या नजरेवर मार्ग सुरक्षित राहतो, ते मार्ग तपासणारे कीमन, टोळीचे मुकादम म्हणजे मेट आणि रुळांवर राबणारे ट्रॅकमन येत नाहीत. संस्थेच्या घटनेप्रमाणे ते सभासद नसतील, मात्र स्नेहमेळाव्याला सभासदत्वाची अट कशाला हवी? रोज आपली बीट, म्हणजे नेमून दिलेला मार्गाचा टप्पा, पायी तपासणाऱ्या कीमनला कोणत्या ठिकाणी रूळ धरून ठेवणारी क्लिप वारंवार सैल होते आणि कोणत्या ठिकाणी ती गंजून स्लीपरमधल्या खोबणीत, म्हणजे इन्सर्टमध्ये अडकते, हे तोंडपाठ असते. काँक्रीट स्लीपरमधले हे इन्सर्ट ओतीव लोखंडाचे असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामात हयात घातलेले कारखानदार व कारागीर आपल्या शहरात आहेत. कीमन आणि फौंड्रीवाला एका टेबलावर बसले, तर त्या गंजाविषयी जे बोलणे होईल, ते कोणत्याही परिसंवादात ऐकायला मिळणार नाही, असे मला वाटते.

कुटुंबीयांच्या उपस्थितीविषयीही एक शब्द. पावसाळ्यात रात्रीची गस्त घालणारा पेट्रोलमन बत्ती आणि डिटोनेटर (गाडीला धोक्याचा इशारा देणारे रुळावरचे फटाके) घेऊन अंधारात चालत जातो, बीटच्या टोकाला समोरून येणाऱ्या साथीदाराशी पेट्रोल बुकाची (गस्तीच्या नोंदवहीची) अदलाबदल करतो आणि परत फिरतो. घरच्यांना मात्र तो रात्री निघून पहाटे चिखलाने माखून येतो, इतकेच ठाऊक असते. एखाद्या सहलीत पत्नी आणि मुलांना दिवसाउजेडी त्याच्या बीटमधला पूल आणि खांबांवर रंगवलेली धोक्याच्या पातळीची खूण दाखवली, तर त्या नोकरीचे मोल सांगायला वेगळे भाषण नको.

आता कोल्हापूरच का, याविषयी. मिरज–कोल्हापूर मार्ग हा कोल्हापूर संस्थानने उभारलेला रेल्वेमार्ग आहे. १८८८ साली बाल शाहू महाराजांच्या हस्ते त्याच्या कामाचा आरंभ झाला, तेव्हा ते अवघे तेरा वर्षांचे होते, आणि १८९१ साली गाडी सुरू झाली. मूळचा मीटरगेज मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला आणि आता तो विजेवर चालतो. पन्नास किलोमीटरहूनही कमी अंतरात अभ्यासाला एवढा इतिहास क्वचितच सापडेल. त्यातच रुकडीजवळचा पंचगंगेवरचा पूल आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या मार्गावरची वाहतूक थांबवावी लागली होती. पाणी चढताना गाडी थांबवण्याचा निर्णय कोण, कशाच्या आधारे आणि किती घाईत घेतो, पाणी उतरल्यावर पुलाचे पाये आणि भराव तपासून पहिली गाडी किती वेगाने सोडली जाते, हे त्या दिवसांत ड्युटीवर असलेल्या माणसांच्या तोंडून जागेवरच ऐकले पाहिजे.

आणखी एक कारण आहे आणि त्याला उशीर परवडणार नाही. कोल्हापूर ते कोकण रेल्वेवरील वैभववाडी या मार्गाची मागणी आपण वर्षानुवर्षे करीत आहोत. तो मार्ग प्रत्यक्षात उतरेल, तेव्हा सह्याद्रीच्या उतारावर काम करावे लागेल. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे खुली झाली. पनवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल सर्वांना माहीत असतो. मात्र गोव्यातल्या पेडणे येथे मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीतून बोगदा काढताना तो वारंवार ढासळत होता आणि कठीण कातळ फोडण्यापेक्षा ती माती आवरणे अवघड होते, हे आजच्या विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नाही. त्या कामावर तिशी-चाळिशीत असलेली माणसे आज निवृत्त होऊन आपापल्या गावी विखुरली आहेत. त्यांना एका संध्याकाळी शाहू स्मारक भवनात बोलवावे, शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना समोर बसवावे आणि सूत्रसंचालकाला शक्य तितके गप्प ठेवावे.

दिवाळीनंतरचा एखादा रविवार यासाठी सोयीचा ठरेल. पावसाळ्यात देखभालीच्या माणसांना सवड नसते. सकाळी रेल्वेची रीतसर परवानगी घेऊन, सुरक्षेची जॅकेटे घालून, लहान गटांत रुकडी पुलाची भेट, दुपारी जेवण आणि सायंकाळी गप्पा, एवढा कार्यक्रम पुरेसा आहे. ट्रॅकमन आणि कीमन यांच्याकडून वर्गणी घेऊ नये. त्या दिवशी त्यांच्या जागी बदली माणूस मिळावा, यासाठी संस्थेने विभागीय कार्यालयाला किमान महिनाभर आधी लेखी कळवावे, कारण बदली मिळाला नाही, तर निमंत्रण हातात असूनही तो माणूस बीटवरच असेल.

आपला,
एक निवृत्त रेल्वे अभियंता,
राजारामपुरी, कोल्हापूर